एकच पाम आणि पोतंभर मॉस

मॉरिशसमध्ये एकच झाड उरलेला पाम आणि पोत्याने मिळणारं पीट मॉस यांची तुलना एका तक्त्यात मांडायची आहे, असं तुम्ही लिहिलंत. मांडा, पण 'एक दुर्मीळ, एक मुबलक' एवढ्यावर थांबू नका. आधी दोघांची घडण बघा.

मॉरिशसमधल्या क्युरपीप गावच्या वनस्पती उद्यानात उभा आहे तो हा एकुलता पाम, हायोफोर्बे अमॅरिकॉलिस. बागांत हौसेने लावतात त्या बॉटल पामचा हा भाऊबंद. त्याला नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, पण वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे स्वतःचे परागही सहसा त्याच्या कामी येत नाहीत. प्रयोगशाळेत रोपं करून पाहिली, ती बाहेर मातीत तगली नाहीत. शिवाय अंगकाठी माडासारखी: वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो गेला की झाड गेलं. फांदीच नाही, तर कलम कशाचं करणार?

स्फॅग्नमचं, म्हणजे पीट मॉस ज्याचं बनतं त्या दलदलीतल्या शेवाळाचं, सगळंच उलटं. मुळं नाहीत, वरून वाढतं, खालून मरत जातं. तुकडा पडला तरी त्यातून नवं उगवतं. ऑर्किडच्या कुंडीत घातलेल्या वाळक्या मॉसला माझ्याकडे चक्क हिरवे तुरे फुटले होते! त्याचं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघाच. हिरव्या जिवंत पेशींची बारीक जाळी दिसते आणि जाळीच्या घरांत मोठ्या, मेलेल्या, भोकं पडलेल्या पेशी. पाणी साठतं ते या मेलेल्या पेशींत, वाळक्या वजनाच्या पंधरा-वीस पट. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला हे मॉस वापरलं गेलं ते याच गुणामुळे. बीजाणूंची बोंडं उन्हात आक्रसतात, झाकण फटकन उडतं आणि बीजाणू वीतभर वर फेकले जातात. मग वारा आहेच.

'मॉस काही संपत नाही' हे तुमचं वाक्य मात्र मला खटकलं. पोत्यात बहुतेक वेळा मॉस नसतंच, पीट असतं. म्हणजे दलदलीच्या आंबट पाण्यात, हवेअभावी धड न कुजता साचलेलं मेलेलं मॉस. ते साचतं वर्षाला साधारण 1 मिमी. मीटरभर थर म्हणजे हजारेक वर्षं. जगातल्या जेमतेम 3 टक्के जमिनीवर पीट आहे आणि मातीतल्या एकूण कार्बनचा जवळपास तिसरा हिस्सा त्यात अडकलेला आहे. दलदलीतलं पाणी काढून ते खणलं की तोच कार्बन हवेत जाऊ लागतो.

तेव्हा तक्त्यात मॉसची एक ओळ आणि पीटची वेगळी ओळ करा. 'मुबलक' फक्त पहिल्या ओळीत लिहा.