वाचकांचे प्रश्न : कादंबऱ्या वाचून परीक्षेचे शब्द येतात का?

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली असून आता अकरावी विज्ञान शाखेत आहे. तिला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, प्रवेश परीक्षा द्यायची आहे. गणिताची तिला भीती नाही, इंग्रजीची मात्र आहे. शिकवणीचे सर रोज वीस शब्द पाठ करायला सांगतात. ती मन लावून करते, पण पंधरा दिवसांनी विचारले तर त्यांतले निम्मेही आठवत नाहीत. तिला गोष्टी वाचायला मनापासून आवडतात आणि किशोरवयीन मुलांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचून शब्द शिकावेत असे तिचे म्हणणे आहे. सर याला वेळेचा अपव्यय म्हणतात. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक पालक, कऱ्हाड

उत्तर : मुलीचे ऐकावे, मात्र सरांची एक गोष्ट सोडू नये. ती कोणती, हे पुढे येईलच.

आधी आपण स्वतःचे मराठी आठवून पाहू. ‘धूम ठोकणे’, ‘पोबारा करणे’ आणि ‘काढता पाय घेणे’ या तिन्ही वाक्प्रचारांचा अर्थ कोशात पाहिला, तर तो निघून जाणे किंवा पळून जाणे याच्या आसपासच सापडेल. तरीही चोर ऐवज घेऊन पोबारा करतो, कुत्रे मागे लागले की मुले धूम ठोकतात आणि दोन व्याह्यांमध्ये वाद पेटण्याची चिन्हे दिसली की शेजारी काढता पाय घेतो, यात आपली कधी गल्लत होत नाही. हा फरक आपल्याला कोणी यादी देऊन शिकवलेला नाही. लहानपणी वाचलेल्या साहसकथांमधून आणि घरातल्या बोलण्यातून तो अंगवळणी पडला. शब्दाचा अर्थ म्हणजे त्याच्यासमोर लिहिलेला दुसरा शब्द नव्हे. तो कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या शब्दांच्या शेजारी येतो, हेही त्याच्या अर्थातच मोडते. यादीतून हे कळत नाही, गोष्टीतून कळते.

इंग्रजीतही असेच आहे. ‘रिलक्टंट’ या शब्दापुढे यादीत ‘नाखूश’ किंवा ‘अनिच्छुक’ असे लिहिलेले असते. मुलगी ते पाठ करते आणि विसरते, कारण त्या शब्दाला चिकटलेले कोणतेही चित्र तिच्या मनात नसते. आता समजा, कादंबरीतला मुलगा आजोबांनी दिलेली किल्ली क्षणभर मुठीत घट्ट धरतो आणि मग ‘रिलक्टंटली’ ती मित्राच्या हातावर ठेवतो. किल्ली दिली जाते, पण मन मागे राहते. काम करायचे आणि तरीही मनात अढी असायची, ही त्या शब्दाची छटा तिला या एका प्रसंगातून कळते. ‘स्टबर्न’ आणि ‘पर्सिस्टंट’ यांचेही तेच. माघार न घेणे दोन्हींत आहे, पण पहिला आपल्या ‘हट्टी’च्या जवळ जातो आणि दुसरा ‘चिकाटीचा’च्या. परीक्षेतल्या चार पर्यायांपैकी दोन जवळजवळ सारखे वाटतात, तेव्हा नेमकी ही छटाच उपयोगी पडते.

परीक्षेचे स्वरूपही याला पोषक आहे. एनडीएच्या सामान्य क्षमता चाचणीच्या 600 गुणांपैकी 200 गुण इंग्रजीला असतात. त्यासाठी 50 प्रश्न असतात, प्रत्येक प्रश्नाला 4 गुण असतात आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो. त्यामुळे अर्धवट ओळखीच्या शब्दावर अंदाज बांधणे महागात पडते. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांत सुटा शब्द न देता अनेकदा पूर्ण वाक्य देऊन त्यातला एक शब्द अधोरेखित केलेला असतो. ज्या मुलीला तो शब्द वाक्यांमध्ये पाच-सहा वेळा भेटलेला आहे, तिला तो तिथेही ओळखू येतो.

आता सरांची बाजू. नुसते वाचत गेल्याने शब्द फार सावकाश साठतात, हे खरे आहे. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 1999 साली स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर या संशोधकांनी घेतला होता. वाचताना भेटणाऱ्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी सुमारे 15 टक्केच आपोआप आत्मसात होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे शंभर नवे शब्द डोळ्यांखालून गेले, तर पंधराएक उरतात. उजळणीशिवाय शब्द टिकत नाहीत, हे सरांचे म्हणणे म्हणूनच बरोबर आहे आणि तेवढे सोडू नये. उजळणी कशाची करायची, एवढाच माझा त्यांच्याशी मतभेद आहे.

पुस्तकाची निवड सगळ्यांत महत्त्वाची, आणि बहुतेक मुले इथेच चुकतात. परीक्षा कठीण आहे म्हणून कठीण पुस्तक उचलतात आणि तिसऱ्या पानावर सोडून देतात. हू आणि नेशन या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजण्यासाठी तिच्यातले सुमारे 98 टक्के शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर हे प्रमाण सहा अनोळखी शब्दांचे होते. ग्रंथालयात पुस्तक हातात घेतल्यावर मधलेच एखादे पान उघडून मुलीने अडलेले शब्द बोटांवर मोजावेत. दहा-बारा निघाले, तर ते पुस्तक सहा महिन्यांनंतरसाठी ठेवावे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी सोप्या इंग्रजीत संक्षिप्त केलेल्या आवृत्त्यांपासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये. ज्या कथा तिने मराठी अनुवादात वाचल्या आहेत, त्या मूळ इंग्रजीत घेतल्या तर आणखी चांगले, कारण कथानक माहीत असले की शब्दांकडे लक्ष द्यायला मन मोकळे राहते.

एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांबद्दल मात्र सावध करते. समुद्रसफरीच्या जुन्या कथा रोचक असतात, पण त्यांतले कित्येक अवघड शब्द म्हणजे जहाजाच्या भागांची नावे असतात, आणि ती या परीक्षेत सहसा उपयोगी पडत नाहीत. काही शब्दांचे अर्थही तेव्हापासून पालटले आहेत. ‘कंडिसेन्शन’ हा शब्द त्या काळी, वरच्या दर्जाच्या माणसाने खालच्याशी दाखवलेल्या मोकळेपणासाठी चांगल्या अर्थाने वापरला जाई. आज त्यात तुच्छताच ऐकू येते. म्हणून पहिले सहा महिने अलीकडच्या लेखकांची पुस्तके वाचलेली बरी.

वाचताना कोश जवळ ठेवू नये. अडलेल्या शब्दाशेजारी पेन्सिलीने बारीक खूण करून पुढे जावे, कारण दर ओळीला थांबले की गोष्ट मरते आणि गोष्ट मेली की शब्दही आठवत नाहीत. प्रकरण संपल्यावर खुणा केलेल्या शब्दांमधून चार किंवा पाचच निवडावेत. निवडीसाठी, ही परीक्षा घेणाऱ्या संघ लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळून ठेवाव्यात, म्हणजे कोणत्या जातीचे शब्द विचारले जातात याचा अंदाज येतो. स्वभाव, वृत्ती आणि कृती सांगणारी विशेषणे व क्रियापदे घ्यावीत, वस्तूंची नावे सोडावीत. वहीत शब्दाबरोबर गोष्टीतले ते पूर्ण वाक्य उतरवावे आणि त्याखाली स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग घेऊन एक वाक्य रचावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने वही उघडून, शब्द हाताने झाकून, वाक्यावरून तो आठवून पाहावा.

रोज वीसऐवजी चार-पाच शब्द म्हणजे फार कमी, असे सर म्हणतील. वर्षभरात ते पंधराशेच्या घरात जातात, आणि आठवणारे पंधराशे शब्द मोठी शिदोरी आहे. परीक्षा दोन महिन्यांवर असती, तर मी यादीच हाती घ्यायला सांगितले असते. आपल्या मुलीला अजून वर्षाहून अधिक अवधी आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दहावीत असून पुढच्या वर्षी एसएटी, म्हणजे इथल्या महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा, देईल. इथल्या ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत आम्हांला एक किशोर कादंबरी मिळाली. तिच्यात परीक्षेचे शेकडो शब्द ठळक अक्षरांत छापलेले असून मागे त्यांचे अर्थ दिले आहेत. मुलाने ती वाचावी का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : गोष्ट आवडली तर वाचू द्यावी, पण तयारीचा भार तिच्यावर टाकू नये. अशा पुस्तकांची अमेरिकेत एक परंपराच आहे. चार्ल्स हॅरिंग्टन एल्स्टर आणि जोसेफ इलियट यांची ‘टूथ अँड नेल’ ही या प्रकारची कादंबरी 1994 साली आली. तेव्हाच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या एसएटीमध्ये सुटे, दुर्मीळ शब्द माहीत असण्याला मोठी किंमत होती. पुढे 2005 साली शब्दसंबंधांचे प्रश्न गेले आणि 2016 साली रिकाम्या जागा भरण्याचे जुने प्रश्नही गेले. आताच्या संगणकीय परीक्षेत 25 ते 150 शब्दांचा लहानसा उतारा देऊन त्यात नेमका बसणारा शब्द, किंवा तिथल्या शब्दाचा त्या जागचा अर्थ विचारतात. त्यामुळे जुन्या यादीतले अनेक भारदस्त शब्द आता क्वचितच कामी येतात.

माझा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. वर सांगितलेले 98 टक्क्यांचे प्रमाण या कादंबऱ्या मुद्दाम मोडतात. ओळीओळीला अवघड शब्द पेरले, की आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थ ताडण्याची सोयच उरत नाही आणि मूल सारखे मागची पाने उलटत बसते. शिवाय शब्द बसवण्यासाठी रचलेल्या वाक्यात तो शब्द स्वाभाविकपणे येत नाही, आणि आपल्याला तर त्याची स्वाभाविक जागाच शिकायची आहे. मुलगा आवडीने जे वाचतो त्यातच चार शब्दांची वही ठेवावी आणि त्याला जोडून विज्ञान व इतिहासावरचे लेखही वाचावेत, कारण परीक्षेतले उतारे साहित्याबरोबर याही विषयांतून घेतलेले असतात.