हॉटेलात वाढपाचे काम करते, पगार नवरा घेतो, मारहाण करतो. मुलीला घेऊन बाहेर कसे पडावे?

ताई, तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये वाढपाचे काम करता, लग्नाला नऊ वर्षे झाली आहेत, यजमान दारू पितात, संशय घेतात, हात उचलतात आणि तुमचा पगार परस्पर उचलून नेतात. माहेरचे लोक 'नांदायला जा' याशिवाय काही बोलत नाहीत आणि मुलगी दुसरीत आहे. आधी घटस्फोट घ्यावा की आधी घर सोडावे, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः चार वर्षे अशाच गावात, अशाच हॉटेलात ताटे वाढली आणि बारा वर्षांपूर्वी मुलाला घेऊन सोलापुरात आले, म्हणून उत्तर लिहिण्याचे धाडस करते. मी वकील नाही. कायद्याविषयी जे लिहिले आहे, ते माझ्या प्रकरणात उपयोगी पडलेले किंवा नंतर इतर बायकांसोबत कोर्टात जाता-येता कळलेले आहे.

माझे उत्तर असे आहे की आधी पगार स्वतःच्या हातात घ्यावा, नंतर घर सोडावे आणि घटस्फोटाचा विचार सर्वांत शेवटी करावा. मात्र जिवाला धोका वाटत असेल, तर हा क्रम विसरून आज रात्रीच ११२ क्रमांकावर फोन करा आणि मुलीला घेऊन निघा.

पगार आधी का, ते सांगते. आपल्याकडे बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात आणि हॉटेलवालाही मालकच. दर महिन्याच्या सात तारखेला एक मालक माझा पगार दुसऱ्या मालकाच्या हाती मोजून द्यायचा आणि त्या वेळी मी चार पावलांवर कोणाच्या तरी टेबलावर ताकाचे ग्लास ठेवत असायचे. त्याहून वाईट प्रकार मला फार उशिरा समजला. माझ्या नावावर नवऱ्याने अकरा हजारांची उचल घेतली होती आणि ती फिटेपर्यंत मी काम सोडू शकत नाही, असे दोघांनी आपसात ठरवून टाकले होते. म्हणून तुम्ही पहिल्यांदा काउंटरवरची उचलीची वही पाहायला मागा. त्यात तुमच्या नावावर काय आहे ते वाचा, पानाचा फोटो काढा आणि यापुढे तुमच्या सहीशिवाय उचल देऊ नये, असे मालकांना स्पष्ट सांगा. मी हे सांगितले तेव्हा मालक चिडले. परंतु संध्याकाळच्या गर्दीत सहा टेबले एकटीने सांभाळणारी दुसरी बाई त्यांना मिळणार नव्हती आणि गल्ल्यासमोर दर महिन्याला होणाऱ्या तमाशाला तेही कंटाळले होते. आठ दिवसांनी ते कबूल झाले. आपल्या कामाची किंमत आपल्यापेक्षा मालकांना जास्त ठाऊक असते, हे मला तोपर्यंत उमगले नव्हते.

टीपचे पैसे हा माझा दुसरा आधार होता. आमच्याकडे बडीशेपेच्या वाटीत राहिलेले पैसे एका डब्यात जमा होत आणि शनिवारी सर्वांमध्ये वाटले जात. नवऱ्याला पगाराचा आकडा पाठ होता, टीपचा नव्हता. भट्टीवर भाकरी करणाऱ्या मावशींच्या घरी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात मी ते पैसे ठेवत गेले आणि चौदा महिन्यांत नऊ हजारांच्या थोडे वर जमले. आज तुम्हाला पिठाच्या डब्याची गरज नाही. नवऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे, ती सोडून दुसऱ्या बँकेत जनधनचे शून्य शिलकीचे खाते उघडा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये घेत असाल, तर ते आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. जुन्या खात्याचे पासबुक आणि एटीएम कार्ड नवऱ्याकडे असेल, तर नव्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या. बँकेचे संदेश ज्या फोनवर येतील, तो फोन रात्री कोण तपासतो, याचाही आधी विचार करा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, पण तो फोन शक्यतो सोबतच्या बाईच्या मोबाइलवरून करा.

कागदपत्रे एकदम गोळा करू नका. घरातली फाइल अचानक रिकामी झाली की संशय येतो. तुमचे आणि मुलीचे आधार, मुलीचा जन्मदाखला, रेशन कार्डाची प्रत, लग्नपत्रिका आणि लग्नातला एखादा फोटो, दागिन्यांच्या पावत्या, मारहाणीनंतर दवाखान्यात गेला असाल तर तिथले केसपेपर, या सर्वांचे फोटो विश्वासातल्या एका व्यक्तीला पाठवून ठेवा. दवाखान्यात 'पायरीवरून पडले' असे सांगू नका. मी दोनदा तसे सांगितले आणि पुढे ते दोन्ही कागद माझ्या काहीही कामाचे राहिले नाहीत.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की, नेहमी जेवायला येणारे एक गृहस्थ पुण्यात नोकरी आणि राहण्याची सोय करून देतो म्हणतात आणि त्यांच्याविषयी तुम्हाला विश्वास वाटतो. या एका वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले. घरी कोणी 'जेवलीस का' असे विचारत नाही आणि ताट वाढताना कोणी नीट नावाने हाक मारतो, तेव्हा मनाचे काय होते, ते मला माहीत आहे. माझ्याही बाबतीत असे एक गृहस्थ होते. ते नेहमी खिडकीजवळच्या टेबलावर बसत. ते वाईट होते, असे मी आजही म्हणणार नाही. तरीही ज्या माणसाचे घर, नोकरीचे ठिकाण आणि नातेवाईक तुम्ही पाहिलेले नाहीत, त्याच्या भरवशावर अनोळखी शहरात मुलीला घेऊन जाऊ नका. नोकरी खरी असेल, तर कंपनीचे नाव आणि पत्ता आधी मिळाला पाहिजे आणि सहा महिन्यांनीही ती तुम्हाला शोधता आली पाहिजे. कोर्टाच्या दृष्टीनेही विचार करा. तुम्ही त्या गृहस्थांसोबत गेलात, की मारहाणीचा विषय बाजूला पडेल आणि समोरचा वकील फक्त त्यांच्याविषयी विचारत राहील. मी माझ्या गृहस्थांना काही न सांगताच निघाले.

निघण्याचा दिवस भांडणाच्या रात्रीचा नसावा, शांत असावा. मी भोगीचा दिवस निवडला. त्या दिवशी सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा असतो. पांढऱ्या बाराबंदीतले भाविक सात नंदीध्वज घेऊन संमती कट्ट्याकडे येतात आणि कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी विवाह लागतो. मी मात्र त्याच दिवशी माझ्या लग्नातून बाहेर पडत होते आणि एसटीत बसल्यावर या योगायोगाचे मला हसूही आले. दिवस निवडण्याचे खरे कारण व्यवहाराचे होते. लेकराला आणि पिशवीला घेऊन निघालेल्या बाईला त्या दिवशी कोणी 'कुठे निघालीस' असे विचारत नाही आणि विचारलेच, तर 'गड्ड्याला', म्हणजे या यात्रेच्या जत्रेला, एवढे उत्तर पुरते. तुमच्या गावातही बाजाराचा, जत्रेचा किंवा लग्नसराईचा असा एखादा दिवस असेलच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची चिंता माझ्याएवढी तुम्हाला पडणार नाही.

सोलापुरात पहिल्या रात्री कुठे राहायचे, हे निघण्याआधी ठरलेले असावे. ओळखीचे घर नसेल, तर 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि पोलीस व वकिलाची मदत मिळते. त्याची चौकशी १८१ वर होते. मला भाकरीवाल्या मावशींच्या बहिणीने ठेवून घेतले. त्या विडी वळणाऱ्या होत्या आणि कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहत होत्या. विडी कामगार महिलांसाठी उभारलेली ही दहा हजार घरांची वसाहत आहे. तिथे बाईच्या कमाईवर घर चालणे ही नवलाची गोष्ट नव्हती आणि मला त्याचा फार आधार वाटला. पुढे शहरात स्वतःची खोली शोधताना मात्र प्रत्येक दारात 'मालक कुठे असतात?' हा प्रश्न आलाच. मी 'बाहेरगावी' असे उत्तर देत असे आणि ते खोटेही नव्हते.

कामाची अडचण तुम्हाला वाटते तेवढी येणार नाही. दवाखाने आणि कॉलेजांच्या आसपासच्या खानावळींना वाढपाचा अनुभव असलेली बाई हवी असते, कडक भाकरी आणि शेंगा चटणी करणारे गृहउद्योग नगावर पैसे देतात आणि टॉवेलच्या कारखान्यांत शिलाई व घडी-पॅकिंगचे काम बायकाच करतात. मी दोन महिने भाकरी थापल्या, मग टॉवेलच्या पॅकिंगला लागले, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले आणि आता त्याच कारखान्यात हिशेब लिहिते.

मुलीच्या शाळेसाठी थांबू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, या कारणावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे मला माहीत नव्हते आणि मुलाचे चार महिने वाया गेले.

आता घटस्फोटाकडे येते. वेगळे राहण्यासाठी घटस्फोट लागत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याखाली तुम्ही लग्न टिकून असतानाच दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकता आणि तुम्ही जिथे तात्पुरत्या राहता किंवा नोकरी करता, तिथल्या न्यायालयातही तो चालतो. त्यासाठी सासरच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. या कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार मानला आहे, तेव्हा पगार हिसकावून घेण्याची गोष्ट अर्जात जरूर लिहा. नवऱ्याने तुमच्या कामाच्या ठिकाणी येऊ नये, मुलीच्या शाळेत जाऊ नये, असा आदेश न्यायालय देऊ शकते आणि तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्यासारख्या चारचौघांसमोर काम करणाऱ्या बाईला या आदेशाचा फार उपयोग होतो, कारण नवरा हॉटेलात येऊन ओरडला की नोकरी आपलीच जाते. मुलीचा तात्पुरता ताबा, खर्च आणि स्त्रीधन परत मिळणे, हेही त्याच अर्जात मागता येते. सुनावणी कायद्यात लिहिल्याइतकी झटपट होत नाही, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश सुरुवातीलाच मागा. पोटगीसाठी पूर्वीच्या १२५ कलमाऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ कलम आहे आणि तुम्ही कमावता एवढ्याच कारणावरून पोटगी नाकारली जात नाही.

घटस्फोट मी घर सोडल्यानंतर तीन वर्षांनी, परस्परसंमतीने घेतला. हिंदू विवाह अधिनियमाच्या १३ब कलमाप्रमाणे त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. नवरा संमती देत नसेल, तर क्रूरतेच्या कारणावरून एकटीने अर्ज करता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि पुरावे लागतात. त्या वेळी वर सांगितलेले केसपेपर कामी येतात.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, त्यांचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे आणि साध्या कागदावरचा अर्जही चालतो. मला मिळालेल्या वकीलबाई पहिल्या दोन तारखांना आल्याच नव्हत्या. मी वकील बदलून मागितला आणि तोही मिळाला.

मुलीला काय सांगावे, असेही तुम्ही विचारले आहे. सात वर्षांच्या मुलाला गुपित पेलत नाही, म्हणून मी माझ्या मुलाला निघेपर्यंत फक्त गड्ड्याचेच सांगितले होते. त्याच संध्याकाळी त्याला पाळण्यात बसवले, कारण जे सांगून आणले, ते निदान खरे व्हायला हवे होते. वडिलांकडे परत जायचे नाही, हे तीन दिवसांनी सांगितले. त्याने दप्तराचे काय, एवढेच विचारले.

तुमचा पगार सात तारखेला होत असेल, तर त्याच्या दोन-तीन दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमारास, जेवणाची गर्दी ओसरलेली आणि मालक गल्ल्यावर एकटे असताना बोला. मारहाणीचा विषय काढू नका. 'या महिन्यापासून पगार माझ्या खात्यात टाका, मला मुलीच्या नावाने बचत दाखवायची आहे,' एवढेच म्हणा आणि खाते क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवा.