रोमवर लिहिताना आधी पायरी बघ

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा दोनदा वाचला. ‘प्राचीन रोममध्ये लैंगिक बाबतीत सगळं मोकळं होतं’ हे पहिलंच वाक्य मी लाल शाईनं खोडलंय. राग मानू नकोस, तुझ्या वयात मीही हेच लिहिलं होतं, आणि माझ्या सरांनी तर अख्खं पान खोडलं होतं.

ही समजूत कुठून येते ते मला ठाऊक आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात भिंतींवर, घंटांवर, अगदी पाव भाजायच्या जागेतसुद्धा पुरुषाचं लिंग कोरलेलं सापडतं आणि आपल्याला वाटतं, काय ही चावट माणसं! पण त्या पाववाल्याकडच्या लिंगाभोवती लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘इथे सौख्य नांदतं’. दृष्ट लागू नये म्हणून केलेला तो तोडगा. अशा ताइताला ते फॅस्किनुम म्हणत आणि लेकरांच्या अंगावरही घालत. आपण बाळाला तीट लावतो, दारात काळी बाहुली टांगतो, तसलंच. त्यावर अश्लीलतेचा शिक्का बसला तो फार पुढे. १८१९ साली नेपल्सच्या राजघराण्यातल्या एकानं पॉम्पेईच्या वस्तूंचं तिथलं संग्रहालय पाहिलं आणि या सगळ्या वस्तू वेगळ्या खोलीत कुलपात ठेवायला लावल्या. ती खोली सर्वांसाठी रीतसर उघडली २००० साली.

मग रोमनांना लाज कशाची वाटत होती? इथे तुझा लेख घसरलाय. कोणी काय केलं, एवढंच तू बघितलंस. रोमन माणूस आधी विचारायचा, कोणाबरोबर? ती कोणाची बायको, कोणाची मुलगी? तो स्वतंत्र की गुलाम? म्हणजे समाजातली पायरी कोणती? स्वतंत्र घरातल्या बाईची, मुलीची किंवा मुलाची अब्रू घेणं म्हणजे ‘स्टुप्रुम’, मोठा गुन्हा. तीच गोष्ट स्वतःच्या गुलामाबाबत घडली तर गुन्हाच नाही. दुसऱ्याच्या गुलामाबाबत घडली तर मालकाच्या मालाचं नुकसान. गुलामाच्या मर्जीचा प्रश्न त्या कायद्याला पडतच नाही. स्वतंत्र घरातली मुलं गळ्यात ‘बुला’ नावाचा ताईत घालत. तो का, याची जी कारणं प्लुटार्क हा ग्रीक लेखक देतो त्यातलं एक हेच, की मूल स्वतंत्र घरातलं आहे हे लांबूनही कळावं. ज्याच्या गळ्यात ताईत नाही त्या पोराला कोणी वाली नाही. हे वाचून पोटात कालवलं पाहिजे. ‘मोकळेपणा’ हा शब्द मी खोडला तो यासाठी.

आणखी एक. तू ‘समलिंगी’ हा शब्द सहा वेळा वापरलायस. तो आजचा शब्द आहे, जपून वापर. नागरिक पुरुषानं पुरुषाबरोबर संग केला एवढ्यानं त्याची अब्रू जात नसे. त्यात त्यानं ‘खालची’ बाजू घेतली, असं लोकांनी म्हटलं की जात असे. पुन्हा पायरीच!

आता पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा कायदा. तू तो दोन ओळींत गुंडाळलायस, आणि खरा मसाला तिथेच आहे. इ.स.पू. १८ च्या सुमारास त्यानं व्यभिचार हा सरकारी गुन्हा केला. तोवर ही घरची बाब होती. बायकोचा व्यभिचार कळला की नवऱ्यानं काडीमोड घ्यायचा आणि साठ दिवसांत फिर्याद करायची. नवऱ्यानं आणि तिच्या बापानंही काही केलं नाही, तर पुढचे चार महिने कोणीही उपटसुंभ फिर्याद करू शके. समजून-उमजून बायकोला नांदवणारा नवरा भडवेगिरीचा गुन्हेगार. आणि नवऱ्यानं दासीकडे किंवा वेश्येकडे जाणं? तो व्यभिचारच नव्हे. खुद्द ऑगस्टसच्या भानगडी त्याचा चरित्रकार सुएटोनियसनं लिहून ठेवल्यात. पण इ.स.पू. २ मध्ये पोटची मुलगी युलिया याच आरोपात सापडली, तेव्हा त्यानं तिला पांडाटेरिया बेटावर धाडलं.

या कायद्यात एक फट होती. नोंदलेल्या वेश्येला तो लागू नसे. इ.स. १९ मध्ये विस्टिलिया नावाच्या खानदानी बाईनं हे हेरलं आणि सरळ अधिकाऱ्यांपुढे जाऊन वेश्या म्हणून स्वतःचं नाव नोंदवलं. रोमन इतिहासकार टॅसिटसनं ही हकीकत सांगितलीय. सेनेट हादरली. ज्या बाईचा आजा, बाप किंवा नवरा सरदार वर्गातला आहे तिला हा धंदा करता येणार नाही, असा ठराव झाला. नवऱ्याला विचारलं, तू फिर्याद का केली नाहीस? तो म्हणाला, माझे साठ दिवस अजून संपले नाहीत! मला हा माणूस फार आवडतो. विस्टिलियाची रवानगी सेरिफॉस बेटावर झाली. तिचं स्वतःचं एक वाक्यही टॅसिटसनं दिलेलं नाही.

वेस्टा देवीच्या कुमारिकांवर, म्हणजे ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या तिच्या पुजारणींवर, लिहिलंयस ते ठीक आहे. फक्त कॅनीच्या लढाईत हॅनिबलनं रोमचा केलेल्या पराभवाचं साल घाल, इ.स.पू. २१६. फौज बुडाली तेव्हा दोघी कुमारिकांवर शीलभंगाचा ठपका आला, आणि एकीला जिवंत पुरलं, दुसरीनं जीव दिला. तारीख समोर आली की ठपक्याची वेळ वाचणाऱ्याला आपोआप खटकेल.

शेवटचा भाग मात्र नव्याने लिही. सेनेटर, कवी, वकील यांचंच ऐकून तू निकाल दिलायस. पॉम्पेईतल्या कुंटणखान्यात एकदा नीट शिर. दहा खोल्या, पाच खाली, पाच वर. खाट म्हणजे बांधून काढलेला ओटा. शहरातल्या भिंतींवर भाव खरडलेले आहेत, बऱ्याच ठिकाणी दोन आस (आस म्हणजे तांब्याचं हलकं नाणं), म्हणजे बऱ्यापैकी दारूच्या पेल्याएवढे. पुढचा एक सम्राट कॅलिग्युला, त्यानं या बायकांच्या कमाईवर कर बसवला, एका गिऱ्हाइकाकडून जेवढं मिळतं तेवढ्या रकमेचा. नीतीचे कायदे करणारी गादी, बघ. त्या घराच्या भिंतींवर बायकांची नावंही आहेत. फॉर्च्युनाटा, मोला. बहुतेक गिऱ्हाइकांनी खरडलेली. तुझा लेख तिथून सुरू होईल का, हे बघून मला कळव. दिवाळीनंतर मी घरीच आहे.