बाजू जुळल्या, तरी आयत का नाही?

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. तिने ८ आणि ६ सेंमी बाजूंचा आयत काढला. समोरासमोरच्या बाजू अगदी सारख्या आल्या, तरी बाईंनी चूक दिली. असं का?
– एक पालक, खानापूर

उत्तर: आकृती कलली असणार. समोरासमोरच्या बाजू समान असल्या की फक्त समांतरभुज चौकोनाची खात्री मिळते. आयताला काटकोन हवा. एक कोन ९० अंशांचा झाला की उरलेले तीन आपोआप होतात.

तपासायला दोन्ही कर्ण मोजा. खऱ्या आयतात दोन्ही १० सेंमी भरतील. कोन ८५ अंशांचा झाला असेल, तर एक साधारण ९.६ आणि दुसरा १०.४ येईल. डोळ्याला न दिसणारी चूक पट्टीवर लगेच दिसते. पाया आखताना गवंडीही दोरीने दोन्ही कर्ण ताडून बघतो, ते यासाठीच.

चूक बहुधा कोनमापकाची. त्याचा मध्यबिंदू नेमका कोपऱ्याच्या बिंदूवर यायला हवा. मुलांकडून तो थोडा डावी-उजवीकडे जातो आणि ९० ची खूण सरकते.

प्रश्न: चौरसाला समभुज चौकोन म्हटलं तर चालेल? कन्नड माध्यमातला भाऊ ‘वज्राकृती’ म्हणतो, ती वेगळी का?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर: चालेल, चारही बाजू समान आहेत ना! उलट मात्र चालत नाही. वज्राकृती म्हणजे आपला समभुज चौकोनच. त्याचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात. ते समान लांबीचे निघाले तरच चौरस.