वाचकांचे प्रश्न : घरात नवा टॅब आला

टॅबबद्दल आलेल्या पत्रांतली पाच या वेळी घेतली आहेत. उत्तरं ॲन्ड्रॉइड टॅबसाठी आहेत. कंपनीप्रमाणे मेनूतलं एखादं नाव बदलतं, तेव्हा सेटिंग्जमध्ये वर दिसणाऱ्या भिंगावर टिचकी मारून शब्द शोधा.

प्रश्न : मुलानं टॅब पाठवलाय. फोन चांगला येतो मला, पण याला मागं जायचं बटणच नाही. वाचता वाचता पान एकदम भलतीकडं जातं, नाहीतर आडवं होतं. (उदगीर)

ताई, बटण नसलं तरी सोय आहे. डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढलं की मागे जाता येतं. खालच्या कडेवरून वर ओढलं की मुख्य पडदा येतो. पण फोन एका हातात मावतो, टॅब दोन्ही हातांनी कडा धरूनच वाचावा लागतो. अंगठा कडेवरून जरा आत सरकला तरी टॅब त्याला ‘मागे जा’ समजतो. पान भलतीकडं जातं ते त्यामुळेच, आणि अर्धा भरलेला फॉर्मही असाच जातो. म्हणून सुरुवातीला जुनी तीन बटणंच लावून घ्या : सेटिंग्ज, सिस्टिम, नेव्हिगेशन मोड, ‘३-बटण’. पान आडवं होऊ नये म्हणून पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा आणि ‘ऑटो-रोटेट’ बंद करा.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. टॅबवर मराठी लिहितो, पण ‘दुसऱ्या’ लिहायला गेलो की रफार डोक्यावर चढतो. शुद्धलेखनाची सवय असल्यामुळे तसं पाठवायला हात धजत नाही. (अंबाजोगाई)

सर, चूक तुमची नाही. र, हलन्त (पाय मोडायची खूण), य अशी अक्षरं ओळीनं आली की रफारच होणार. ‘सूर्य’, ‘कार्य’ त्याच नियमानं उमटतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांना खाली टिंब असलेला ऱ लागतो : आधी ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, एवढा फरक त्या एका टिंबानं पडतो. तो ऱ बहुतेक कीबोर्डवर र दाबून धरल्यावर उघडणाऱ्या छोट्या पट्टीत सापडतो.

जीबोर्ड (गुगलचा कीबोर्ड) असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये भाषा, कीबोर्ड जोडा, मराठी असं जा. तिथे देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा आहे आणि बोटानं गिरवायचाही आहे. तुम्हाला आम्ही गिरवायचाच सुचवू. फोनच्या अरुंद पट्टीवर त्यात दाटी होते, टॅबवर मात्र पाटीइतकी मोकळी जागा मिळते. फक्त तळहात काचेला टेकू देऊ नका, त्याचाही स्पर्श धरला जातो. बोलून लिहायचं असेल तर माइक आहेच, पण विरामचिन्हं नंतर हातानं घाला.

प्रश्न : लेक दहावीला आहे. टॅबला सिम नाही, माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवते. रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतो. हॉटस्पॉटही मधेच बंद पडतो. टॅबवर यूपीआय पण चालू होत नाही. (जिंतूर)

टॅबला तुमचा हॉटस्पॉट पुष्कळदा साध्या वाय-फायसारखाच दिसतो, आणि वाय-फाय म्हणजे डेटा मुबलक असं धरून ॲप अपडेट, फोटोंचा बॅकअप, मोठ्या दर्जाचा व्हिडिओ हे सगळं मागच्या मागे सुरू होतं. टॅबवर वाय-फायमध्ये तुमच्या हॉटस्पॉटच्या नावापुढच्या चक्रावर जा आणि नेटवर्क वापर ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजका डेटा) करा. प्ले स्टोअरमध्ये ऑटो-अपडेट बंद करा. यूट्यूबमध्ये वाय-फायसाठी व्हिडिओचा दर्जा वेगळा ठरवता येतो, तिथे डेटा वाचवणारा पर्याय निवडा. फळ्यावरचं गणित ४८०पी दर्जावरही नीट वाचता येतं.

हॉटस्पॉट मधेच तुटतो, कारण टॅबचा पडदा विझला की जोडणी सुटू शकते आणि कुणी जोडलेलं नसलं की फोन काही वेळानं हॉटस्पॉट आपणहून बंद करतो. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ते ‘आपोआप बंद’ काढून टाका. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. ती एकदाच उतरवून ठेवली की वाचायला नेट लागत नाही.

यूपीआय नोंदणीसाठी बँकेत दिलेल्या नंबरच्या सिमवरून संदेश जावा लागतो. बिनसिमच्या टॅबवर ते होणार नाही, फोनवरच ठेवा. व्हॉट्सॲप मात्र फोनवरच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून टॅबवरचा क्यूआर स्कॅन करून टॅबवर चालतं. फोनवरचं व्हॉट्सॲप १४ दिवस उघडलंच नाही, तर ही जोडणी तुटते.

प्रश्न : लाइट जाण्याआधी टॅब भरून घ्यावा म्हणतो, पण चार तासांत निम्माही भरत नाही. मे महिन्यात तर चार्जिंगच थांबतं. बॅटरी खराब आहे का? (परभणी)

आधी चार्जर पाहा. त्यावरच्या बारीक अक्षरांत आउटपुट ५ व्होल्ट, १ अँपिअर असेल तर तो ५ वॅटचा, जुन्या फोनचा चार्जर आहे. ७,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण २७ वॅट-तास मावतात. वाया जाणारी वीज धरली तर ५ वॅटनं सहा-सात तास सहज लागतात. वर व्हिडिओ चालू ठेवला, तर आलेली वीज पडदाच खातो आणि टक्का जागचा हलत नाही. १० वॅटचा (५ व्होल्ट, २ अँपिअर) चार्जर घ्या. टॅबच्या खोक्यावर जास्त वॅट लिहिले असतील तर तेवढ्याचा घ्या. केबलही बदलून पाहा, बारीक तारेत विजेचा दाब कमी होतो.

मे महिन्यातलं थांबणं हे बॅटरीचं संरक्षण आहे. पत्र्याच्या खोलीत तापल्यावर टॅब चार्जिंग कमी करतो किंवा तोडतो. कव्हर काढा, गादीवरून उचलून फरशीवर ठेवा आणि पहाटे चार्ज करा. लवकर गार व्हावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

प्रश्न : जुना टॅब घेतला, रीसेट केला, आता आधीच्या मालकाचं खातं मागतोय. (लातूर)

चोरीचा माल चालू नये म्हणून ठेवलेलं हे कुलूप आहे. आधीच्या मालकानं स्वतः खातं घालून उघडणं हाच सरळ मार्ग. ‘अनलॉक करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी ॲपच्या नादी लागू नका. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी, तुमच्या समोर, मालकाकडून सेटिंग्जमधलं खातं काढून घ्या आणि त्यानंतरच रीसेट करा. टॅब वाय-फायला जोडून, जुनं खातं न मागता मुख्य पडद्यापर्यंत गेला, की पैसे द्या.