वाचकांचे प्रश्न : दोन घरांतील फायलींची सुरक्षित देवाणघेवाण

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित घर गिरगावात असून तेथे थोरले बंधू राहतात, मी दहिसरला असतो. चाळीच्या पुनर्विकासाची कागदपत्रे, जुन्या भाडेपावत्या आणि कुटुंबाचे फोटो असा सुमारे २०० जीबीचा ऐवज बंधूंच्या संगणकावरील एका शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. तो मला दहिसरहून उघडता यावा, तसेच माझ्याकडील फायली त्यांनाही पाहता याव्यात, अशी इच्छा आहे. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका परिचिताने राउटरमधील ४४५ क्रमांकाचा पोर्ट उघडून देण्याची तयारी दाखवली आहे. तसे करावे काय?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : मुळीच करू नये. पोर्ट म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचे क्रमांक दिलेले दार; ४४५ हा विंडोजच्या फोल्डर शेअरिंगचा, म्हणजे एसएमबीचा पोर्ट आहे आणि ही व्यवस्था एकाच छपराखालच्या संगणकांसाठी वापरायची असते. तो इंटरनेटवर उघडा टाकला, की अहोरात्र एकेक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक, चाचपत फिरणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रॅमना तो सापडायला वेळ लागत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या, तो याच एसएमबीमधील दोषाचा फायदा घेऊन पसरला होता. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरील दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती; ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांना फटका बसला. कोणी एफटीपीचा, म्हणजे फायली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा पर्याय सुचवला तर तोही नाकारावा, कारण मूळ स्वरूपातील एफटीपीमध्ये पासवर्ड आणि फायली दोन्ही कोणालाही वाचता येतील अशा उघड्या स्वरूपात जातात.

फोल्डर इंटरनेटसमोर न मांडता दोन्ही घरांमध्ये एक खासगी, कूटबद्ध (इतरांना वाचता न येणारा) मार्ग तयार करावा आणि फोल्डर त्या मार्गावरूनच उघडावा, हा योग्य उपाय आहे. यालाच व्हीपीएन म्हणतात. जाहिरातींत दिसणारी, परदेशातील चित्रपट पाहता येतील असे सांगून महिन्याला पैसे घेणारी व्हीपीएन सेवा येथे उपयोगाची नाही; आपल्याला स्वतःच्या दोन टोकांमधील व्हीपीएन हवे आहे. त्यासाठी माझी पसंती वायरगार्ड या प्रोग्रॅमला आहे. ते मोफत आहे, त्याची संगणकीय संहिता मुद्दाम लहान ठेवलेली असल्यामुळे तज्ज्ञांना ती तपासणे सोपे जाते, आणि मार्च २०२० पासून ते लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. यात प्रत्येक टोकाला किल्ल्यांची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या लांबलचक सांकेतिक अक्षरमालांची, एक जोडी तयार होते. त्यांतील सार्वजनिक किल्ली बंधूंना व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी हरकत नाही. खासगी किल्ली मात्र ज्या यंत्रावर तयार झाली त्या यंत्राबाहेर कधीही जाऊ देऊ नये, दुरुस्ती करणाऱ्या परिचिताकडेही नाही. योग्य किल्ली नसलेल्या कोणी दार ठोठावले, तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्यांना तेथे काही आहे याचाही सुगावा लागत नाही.

काम हाती घेण्यापूर्वी मात्र एक गोष्ट तपासावी लागेल, आणि मुंबईतील घरगुती जोडण्यांचे घोडे बहुधा येथेच अडते. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरील, म्हणजे वॅन आयपी पत्ता आणि 'माझा आयपी पत्ता कोणता' हे दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील पत्ता एकच आहे का, ते दोन्ही घरी पाहावे. ते वेगळे असतील, विशेषतः राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने आपल्याला इतर अनेक ग्राहकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. आयपीव्ही४ या आयपी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी आहेत आणि जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले; तेव्हापासून कंपन्या अशी काटकसर करत आल्या आहेत. या स्थितीत राउटरमध्ये कोणताही पोर्ट उघडला तरी बाहेरून कोणी आत पोहोचू शकत नाही, म्हणजे आपल्या परिचिताची योजना धोकादायक तर आहेच, शिवाय कदाचित निरुपयोगीही ठरली असती.

दोहोंपैकी एका घरी जरी स्वतःचा वेगळा सार्वजनिक पत्ता असला तरी पुरते. दुसऱ्या घराने स्वतः पुढाकार घेऊन जोडणी करायची आणि मार्ग मिटू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवत राहायचे, अशी सोय वायरगार्डमध्ये आहे. दोन्ही घरे सामायिक पत्त्यामागे अडकलेली असतील, तर कंपनीकडे स्थिर आयपी पत्ता मागावा, त्याचे वेगळे शुल्क पडू शकते. किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरावी. टेलस्केल वायरगार्डवरच आधारलेली असून दोन्ही टोकांची गाठ स्वतः घालून देते, आणि थेट मार्ग न जुळल्यास मधल्या सर्व्हरमार्फत माहिती नेते, पण ती कूटबद्धच राहते. तिची गुरुकिल्ली म्हणजे आपले लॉगिन खाते, म्हणून त्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागणे) लावणे अनिवार्य समजावे.

दोन्ही राउटरवर घरातील पत्ते १९२.१६८.१ पासून सुरू होत असतील, आणि ते बहुधा असतातच, तर एका घरी ते बदलून १९२.१६८.२० करावेत, अन्यथा मागितलेले यंत्र या घरातले की त्या घरातले, हे संगणकाला ठरवता येणार नाही. तसेच सगळे घर सगळ्या घराला जोडण्याचा मोह टाळावा. फायलींचा संगणक तेवढाच पलीकडून दिसावा, कारण वर्षानुवर्षे अद्ययावत न झालेला एखादा स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरा एका घरी असला, तर त्यातून येणारी विघ्ने दुसऱ्या घरी पोहोचवण्याचे कारण नाही.

वेगाविषयी सांगायचे तर, येथे अपलोडचा वेग मोजला जातो. तो ५० एमबीपीएस असेल, तर २०० जीबी पाठवण्यास जवळजवळ नऊ तास लागतात. त्यापेक्षा पहिली प्रत हार्ड डिस्कवर घेऊन चर्नी रोडहून स्लो लोकलने दहिसरला आणली, तरी काम कितीतरी लवकर होईल. त्यानंतर होणारे छोटे बदल मात्र खुशाल इंटरनेटवरून पाठवावेत.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? सगळे क्लाउडवर ठेवले तर काय बिघडले?
— एक वाचक, परळ

उत्तर : थोडी कागदपत्रे असतील तर काहीच बिघडत नाही. गूगल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते आणि द्विस्तरीय पडताळणी लावली तर ती बऱ्यापैकी सुरक्षितही असते. आधार, पॅन किंवा मालमत्तेचे दस्त ठेवायचे असल्यास ते क्रिप्टोमेटरसारख्या मोफत साधनाने आधी कूटबद्ध करून मगच चढवावेत आणि त्याचा पासवर्ड हरवू नये, कारण तो परत मिळवून देणारे कोणी नसते.

प्रश्न : पार्ल्यात आणि मुलुंडला आईकडे अशा दोन्ही घरी आम्ही सिंकथिंग हा फायली दोन्हीकडे सारख्या ठेवणारा प्रोग्रॅम वापरतो. भाच्याने पार्ल्याच्या संगणकावरून एक फोल्डर पुसला आणि तो मुलुंडहूनही नाहीसा झाला. हा दोष कोणाचा?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सिंकथिंगने सांगितलेले काम चोख केले. दोन्ही ठिकाणी एकसारखी स्थिती ठेवणे हेच त्याचे काम असून पुसणे हाही त्याच्या दृष्टीने एक बदलच आहे. त्यात जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आहे, परंतु ती सुरुवातीला बंद असते. प्रत्येक फोल्डरसाठी ती स्वतंत्रपणे सुरू करावी लागते. ही सोय दुसऱ्या टोकाहून आलेल्या बदलांपुरतीच चालते, म्हणून ती दोन्ही घरी सुरू करावी: पार्ल्यात पुसलेली फाइल मग मुलुंडच्या संगणकावर जुन्या आवृत्तीत सापडेल. भाच्याचा हात लागण्याची शक्यता पुन्हा असेल, तर त्याच्या संगणकावर तो फोल्डर 'फक्त स्वीकारणे' या प्रकारात ठेवावा, म्हणजे तेथील बदल मुलुंडला जाणार नाहीत. याखेरीज एक तिसरी प्रत अशा हार्ड डिस्कवर घ्यावी, जी एरवी संगणकाला जोडलेली नसते.

मुलुंडचा संगणक आईंना वारंवार चालू करावा लागू नये, यासाठी त्याच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतताच आपोआप सुरू होण्याचा पर्याय निवडावा. १२ ऑक्टोबर २०२० सारखा शहरभर वीज जाण्याचा प्रसंग विरळा असला, तरी पावसाळ्यात इमारतीपुरती वीज जाणे नवे नाही, आणि अशा वेळी राउटर व संगणक या दोघांना मिळून एक लहान यूपीएस असला, तर लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहत नाही.