लेकीला मालिका लिहायच्या आहेत, मग एलएलबीचं काय?

खानापूरहून एका पालकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मुलगी बेळगावात पाच वर्षांच्या बी.ए. एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. मार्क चांगले पडतात. आता म्हणते, शेवटचा पेपर झाला की मुंबई, मालिका लिहिणार. अमेरिकेतला कुणी डेव्हिड केली वकिली सोडून टीव्हीचा मोठा लेखक आणि निर्माता झाला, त्याचं उदाहरण देते. माझं भुसार मालाचं दुकान आहे. घरात एवढं शिकलेली ही पहिलीच. तिला समजावून सांगा."

सप्रेम नमस्कार.

समजावून सांगा म्हणजे खूळ काढून टाका, हे मला कळलं. ते मी करणार नाही. पण केलीची गोष्ट तिनं अर्धीच सांगितलेली दिसते. पुरी ऐकलीत तर तुमचाही जीव थोडा खाली बसेल.

केलीनं १९८३ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीतून कायद्याची पदवी घेतली आणि तिथल्याच एका फर्ममध्ये लागला. घरं-जमिनींचे व्यवहार, किरकोळ फौजदारी खटले, असलं काम. ते करता करता त्यानं एका वकिलावर पटकथा लिहिली. त्याच सुमारास स्टीव्हन बोचको हा निर्माता 'एल. ए. लॉ' ही मालिका काढत होता आणि त्याला कायदा जाणणारे लेखक हवे होते. पटकथा त्याच्यापर्यंत पोचली आणि १९८६ मध्ये केलीला काम मिळालं. आता पुढचं वाक्य मुलीला मोठ्यानं वाचून दाखवा: त्यानं फर्मचा राजीनामा दिला नाही, रजा टाकली. जमलं नसतं तर परत येऊन बसायला खुर्ची राखून ठेवली होती. पुढे त्याच्या 'द प्रॅक्टिस' आणि 'ॲली मॅकबील' या मालिकांना १९९९ मध्ये एकाच वर्षी टीव्हीचे मानाचे एमी पुरस्कार मिळाले, गंभीर आणि विनोदी अशा दोन्ही गटांतले. दोन्ही मालिका वकिलांच्याच! वकिली सुटली कुठे? ती त्यानं बरोबर नेली.

आणि वकिलीचं शिक्षण घेऊन टीव्हीत जाणं आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे एलएलबी होते आणि दिल्लीत दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी काम केलं. वकिली मात्र त्यांनी केली नाही, तेव्हा हे उदाहरण मुलीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पदवी तिला मिळेलच, पण लिहायचा माल कॉलेजात मिळत नाही. तो कोर्टात मिळतो, आणि आपल्या सीमाभागातल्या कोर्टात तर पोत्यानं मिळतो. आमच्या चुलत्यांच्या बांधाच्या केसला मी बेळगावच्या कोर्टात बसायचो. एकदा पिंजऱ्यात एक म्हातारी होती. वकिलांनी कन्नडमध्ये प्रश्न विचारला, कुणीतरी तो मराठीत करून सांगितला. म्हातारी म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं लावल्याला आंबा हाय तिथं. पयल्यांदा बांधाच्या हिकडं होता, आता तिकडं गेलाय. आंबा काय चालत गेला व्हय?" सगळे हसले. साक्षीत कन्नडमध्ये उतरलं ते एवढंच: सदर झाड पूर्वी वादीच्या बाजूस होते. म्हातारीचं बोलणं आणि कागदावरचं वाक्य यांच्यामध्ये जे सांडलं, त्यावर संवादलेखकाचं पोट चालतं. मालिकांतलं 'गावाकडचं' मराठी बहुतेक एकाच साच्यातून काढलेलं असतं. आपल्या बेळगावी बोलीत 'काय करुलालास' म्हणणारा माणूस मी अजून मालिकेत पाहिलेला नाही. तुमच्या मुलीच्या कानात तो आहे.

म्हणून माझा सल्ला: पदवी पुरी करायची, सनद म्हणजे वकिलीचा परवाना घ्यायचा, बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेची परीक्षा द्यायची आणि चांगल्या दिवाणी वकिलाकडे दोनेक वर्षं ज्युनिअर म्हणून राहायचं. रात्री लिहायचं. सनद असताना पगाराची पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, हे तिला माहीत असेलच. पण बार कौन्सिलच्या नियमांत ५१वा नियम आहे, तो वकिलाला प्रसारण, व्याख्यानं, शिकवणं अशा कामांची मुभा देतो, पूर्णवेळ नोकरी नसेल तर. उद्या निर्मिती संस्थेत पगारावर लागली, तर बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस स्थगित ठेवायची. सनद फाडून टाकावी लागत नाही.

आता मुंबईबद्दल. अमेरिकेत लेखकच पुष्कळदा मालिकेचा मालक-मुकादम असतो. आपल्या रोजच्या मालिकांत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि वर वाहिनीची माणसं. गुरुवारी टीआरपी आला आणि पडलेला दिसला, की महिनाभर रंगवलेली नणंद एका रात्रीत गोड होते. पैसे भागावर मिळतात आणि यायला तीन-तीन महिने लागतात. एवढे दिवस खोलीभाडं भरायची तयारी करूनच जायचं. लेखक म्हणून गेलेली मुलगी लगेच निर्माती होईल, हे डोक्यातून काढायचं.

पण तिच्या कायद्याची खरी किंमत तिथंच आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं एका बैठकीत अख्खी कथा तोंडी सांगितली. वर्षभरानं तसलीच मालिका आली. पोरगा माझ्याकडे रडत आला. त्याला आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल ठाऊक नव्हता: कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. म्हणजे आधी लिहायचं, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवायचं, मग तोंड उघडायचं. हक्क किती काळासाठी दिले ही मुदत करारात लिहिली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाच्या रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला परस्पर लिहून घेता येत नाही. हे कॉपीराइट कायद्याचं कलम १९ आणि १८ तुमच्या मुलीनं परीक्षेसाठी पाठ केलंय. तिच्या बाजूला बसणाऱ्या लेखकांत करार नीट वाचणारे फार थोडे असतात.

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी लागते. पण त्याआधी कोल्हापूर बघावं. तिकडच्या गावांत मालिकांची शूटिंग होतात, सुट्टीत आठ दिवस सेटवर उभं राहिली तरी निम्मं खूळ एकतर उतरेल नाहीतर दुप्पट होईल. दोन्ही चालेल, कळेल तरी.

तोवर तिला एक काम सांगा. कोर्टात जाऊन एक साक्ष पूर्ण ऐकायची आणि त्यावर दोन पानांचा प्रसंग लिहायचा, फक्त संवाद. तो मला पाठवा. पाठवायच्या आधी दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा तुम्ही वाचा, आणि कुठं हसू आलं तिथं पेन्सिलनं खूण करा.